थोरली, मधली, धाकटी आणि टिपणीस

आमच्याकडे चहाची नवीन स्टीलची किटली आली, त्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधले टिपणीस ती बघायला आले. झाकण उघडून बघणं, किंमत विचारणं वगैरे काही त्यांनी केलं नाही. उजवा हात खांद्यापासून सरळ ताणून किटली समोर धरली, डावा डोळा मिटला, तोटीच्या टोकावरून आमच्या फ्रिजवर नेम धरला आणि म्हणाले, "नाकात जड आहे. तोटीकडे झुकते." मग खिशातून वही काढून त्यांनी किटलीची नोंद केली.

"बाबा, अंकल इज एमिंग ॲट द फ्रिज अगेन," सोफ्यावरून मान न वळवता माझी मुलगी म्हणाली. आमच्या इस्त्रीची, हेअर ड्रायरची आणि मिक्सरच्या भांड्याची नोंद याआधीच झाली होती.

अविनाश टिपणीस एसीचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. बावीस वर्षं इथे आखातात, अल मनखूलच्या याच इमारतीत, याच मजल्यावर. मोजणं हा त्यांचा धंदा आणि तुलना हे व्यसन. टोस्टर घ्यायचा म्हणून त्यांनी चार महिने सात टोस्टरांचा अभ्यास केला. एक पसंत पडला तोपर्यंत ते मॉडेल बाजारातून गेलं होतं, त्यामुळे त्या घरात पाव अजून तव्यावरच भाजतात. कोणी चेष्टा केली की टिपणीस शांतपणे म्हणतात, "आधी नोंद, मग पसंती."

गेली दोन वर्षं मात्र वहीत मुख्य विषय एकच होता. पॉइंट टू टूच्या रिव्हॉल्व्हर. दचकू नका. घरात शस्त्र ठेवण्याचा विचार आपल्यासारखा माणूस इथे स्वप्नातही करत नाही. टिपणीस जायचे ते शहराबाहेरच्या शूटिंग क्लबात. तिथली रीत साधी. एमिरेट्स आयडी दाखवायचा, कानांवर मफ चढवायचे, क्लबची रिव्हॉल्व्हर अर्धा तास भाड्याने घ्यायची, कागदी टार्गेटवर गोळ्या झाडायच्या आणि वाटेत बिर्याणी खाऊन घरी यायचं. पॉइंट टू टूचा आवाज लवंगी फटाक्याएवढा, झटका जवळजवळ नाहीच. नवशिक्याला सुरुवातीला हीच देतात.

क्लबात अशा तीन होत्या. म्हणजे प्रश्न विकत घेण्याचा नव्हताच. अर्ध्या तासापुरती कोणती हातात धरायची, एवढाच होता. तो दोन वर्षं चालला, आणि त्या काळात टिपणिसांनी एकही गोळी झाडली नाही.

तिघींना त्यांनी नावं दिली होती. थोरली सहा इंची नळीची, सगळी पोलादी, सव्वा किलोची. मधली चार इंची. धाकटी हलक्या धातूची, आखूड, अर्ध्या किलोच्या आतली. ते बोलायला लागले की घरात मुलीचं नव्हे, मुलाचं लग्न निघालंय असं वाटायचं.

"थोरली स्थिर आहे, पण अंगानं फार भारी. धाकटी फुलासारखी, पण नळी आखूड, नेम जरा हलला की गेला."

"मग मधली घ्या की!"

"मधलीचा चाप कडक आहे."

हा कडकपणा त्यांनी मोजला होता. प्रत्येक गल्फवाल्याच्या घरी बॅगा तोलायचा एक काटा असतो. गावी निघताना तीस किलोच्या वर काटा गेला की खजुराची पाकिटं बाहेर निघतात. टिपणीस तो काटा घेऊन क्लबात जायचे आणि रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या चापाला अडकवून ओढायचे. "वरचा घोडा आधी अंगठ्यानं मागे ओढला तर चापाला दीड किलो पुरतात," ते मला लिफ्टमध्ये सांगत. "नाही ओढला तर साडेपाच! अंगठा शाबूत नसेल त्यानं काय करायचं?" लिफ्टमधले बाकीचे लोक पुढच्याच मजल्यावर उतरून जात.

क्लबातले इक्बालभाई मूळचे राजापूरचे. रिव्हॉल्व्हर रिकामी असल्याचं दोनदा तपासून ती टिपणिसांसमोर ठेवायचे आणि हात जोडायचे. "काका, यल्ला, चला, आज तरी एक झाडा. तिघी म्हाताऱ्या होतील तुमची वाट बघून."

"बघू. इन्शाल्ला पुढच्या शनिवारी."

पण शनिवार संपत आले. टिपणीस रिटायर होऊन महिनाअखेर कायमचे पुण्याला निघाले होते. सामान बांधून झालं, पडदेसुद्धा उतरले, आणि रिव्हॉल्व्हर काही ठरेना. मला खरंच वाईट वाटायला लागलं. इतका अभ्यास करून हा माणूस तसाच कोरडा विमानात बसणार होता. शेवटून दुसऱ्या शनिवारी मी गाडी काढली, म्हटलं, "आज ठरवल्याशिवाय परत आणणार नाही तुम्हाला."

क्लबात त्यांनी पुन्हा काटा काढला आणि वही माझ्या हातात दिली. मी सहज पान उलटलं. त्यावर पेन्सिलीने एका हाताची बाह्यरेषा काढली होती. टिपणिसांचा पंजा सुपाएवढा. हा हात लहान होता, आणि अनामिकेवर अंगठीचा उंचवटासुद्धा दिसत होता. प्रत्येक बोटाची लांबी लिहिलेली. खाली तारीखवार नोंदी. सकाळी बरा. संध्याकाळी थरथर. कप अर्धा.

"काका, हा कोणाचा हात?"

त्यांनी काटा खाली ठेवला. "शैलाचा."

शैलाकाकू म्हणजे त्यांची बायको. अतिशय हसतमुख आणि अलीकडे घराबाहेर फारशी न दिसणारी.

"कॉलेजात एनसीसीमध्ये रायफल चालवायची ती. गोळी हीच, पॉइंट टू टूची," टिपणीस म्हणाले. "कॅम्पात पहिली यायची. मी तिला प्रथम पाहिलं तेव्हा ती नेम धरत होती आणि मी स्कोअर लिहायला बसलो होतो. आता दोन वर्षं हात थरथरतोय. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार. पाहुण्यांना चहा ओतायचंसुद्धा तिनं सोडलं."

त्यांच्या घरी चहा टिपणीस स्वतः ओततात, तोही मोजून अर्धा कप, यावर मी चारचौघांत विनोद केले होते. काकूंच्या देखत केले होते. मला माझीच लाज वाटली.

"मग घेऊन या ना काकूंना!"

"एकदाच येईल रे ती. गोळी भलतीकडे गेली, हात दुखला, की पुन्हा पाऊल टाकणार नाही. आणि आपल्याला हे येत होतं, ही एक गोष्ट मनात उरलीय, तीही जाईल. म्हणून मला चुकायचं नव्हतं. पण तिन्हींत काही ना काही खोट आहेच."

"काका, त्यांना विचारलंत का कुठली हवी?"

टिपणिसांनी माझ्या हातातली वही घेऊन पानं उलटली. दोन वर्षांत हा रकाना त्यांनी आखलाच नव्हता.

पुढच्या, म्हणजे शेवटच्या शनिवारी काकू आल्या. पंजाबी ड्रेस आणि नातवाला पाठवायला घेतलेले असावेत असे पांढरेशुभ्र बूट. इक्बालभाईंनी तिघी टेबलावर मांडल्या. काकूंनी धाकटी उचलून परत ठेवली, मधली उचललीच नाही, आणि थोरलीवर हात ठेवला. सगळं मिळून अर्धा मिनिट.

"शैला, सव्वा किलो आहे ती!"

"म्हणूनच हवी. हलकी असली की ती हाताबरोबर नाचते. जड असली की हाताला धरून ठेवते."

त्या खुर्चीवर बसल्या. कोपरं टेबलावर, मनगटांखाली वाळूची पिशवी, दोन्ही हातांत थोरली. घोडा त्यांनी डाव्या अंगठ्याने ओढला. इक्बालभाई शेजारी वाकून उभे. पहिली गोळी कागदाबाहेर गेली. टिपणिसांनी डोळे मिटून घेतले.

"अविनाश, डोळे उघड आणि स्कोअर लिही," मागे न बघता काकू म्हणाल्या.

दुसरी कडेला लागली. तिसरी काळ्या गोलात. दहापैकी सहा काळ्यात! इक्बालभाई ओरडले, "माशाल्ला काकू! पुण्याला कशाला जाता, इथे शिकवायला या!" टिपणीस लिहीत होते, पण आकडे काही वाचता येईनात. थरथरणारा हात त्या दिवशी त्यांचा होता.

मग काकूंच्या हुकुमावरून टिपणिसांनी, दोन वर्षांच्या अभ्यासानंतर, आयुष्यातली पहिली गोळी झाडली. तीही डोळे मिटून. कागद कोरा राहिला आणि काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

परतल्यावर दोघं आमच्याकडेच चहाला थांबले. मी किटली टेबलावर ठेवली. टिपणीस सवयीने उठले, तेवढ्यात काकूंनी ती दोन्ही हातांनी उचलली. "नाकात जड आहे," त्या म्हणाल्या, "बरी आहे." टिपणीस अर्धे उठलेले तसेच खाली बसले.

काकूंनी चारही कप भरले. चहा काठोकाठ आला, थोडा बशीतही सांडला. टिपणिसांनी आधी बशीतला प्यायला. वही त्यांच्या खिशातच राहिली.