चार सेंटिमीटरची तफावत

वयानुसार माणसाची उंची कमी होते, ही बाब निसर्गाने पासपोर्ट कार्यालयाला लेखी कळवलेली नव्हती. त्यामुळे निवृत्त मोजणीदार नूतनीकरणासाठी गेले, तेव्हा जुन्या पासपोर्टात एकशे बहात्तर आणि भिंतीवरच्या पट्टीवर एकशे अडुसष्ट, अशी तफावत निघाली.

"नियमाने तीन सेंटिमीटरपर्यंत फरक चालतो," खिडकीतला कारकून म्हणाला. "हे चार आहेत. गेले कुठे?"

"झिजले असतील, साहेब."

"झिजल्याचा पुरावा आणा."

मोजणीदार पुरावा आणायला डॉक्टरांकडे निघाले. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांची कुंपणं इंचाइंचाने मागे सरकवली होती आणि कुणाचं रडगाणं ऐकलं नव्हतं. पण परदेशातली लेक तीन आठवड्यांत बाळंत होणार होती. "आई एकटी नको, बाबाही आलेच पाहिजेत," असं तिने निक्षून सांगितलं होतं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "कंबरेच्या मणक्यांमध्ये गाद्या असतात. तरुणपणी पाण्याने टम्म, पुढे सुकून चपट्या होतात. रात्री आडवं पडलं की थोडं पाणी परत शोषतात. सकाळी माणूस सेंटिमीटरभर उंच भरतो. दिवसा पुन्हा दबतो." त्यांनी दाखला दिला: नैसर्गिक कारणाने घट.

कारकुनाने दाखला परत सरकवला. "नैसर्गिक कारण हा रकाना फक्त मयतांसाठी आहे. आपण मयत आहात?"

"अजून नाही."

"मग हा दाखला चालणार नाही."

घरी बायकोने सगळं ऐकलं आणि तिला त्यातलं नेमकं एकच वाक्य सापडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला पलंगावरून थेट फळीवर, फळीवरून सामान वाहायच्या हातगाडीवर घालून ती निघाली.

"अगं, निदान चहा तरी..."

"उठू नका! आटाल!"

रांगेतल्या लोकांनी चौकशी केली. अर्ध्या तासात सगळी रांग फरशीवर आडवी झाली. कारकून धावत बाहेर आला. "रांगेत उभं राहायचं असतं!"

"नियमात नुसतं 'रांग' लिहिलंय," खालून एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या.

कारकुनाने मोजणीदारांना पट्टीपाशी उभं केलं आणि तो चहाला गेला. दोन तासांनी परतला, तेव्हा पट्टीवर एकशे अडुसष्टच होते.

"आटले!" बायकोने कपाळावर हात मारला. "दुसऱ्यांना इंच सोडला नाहीत, आता भोगा!"

तेवढ्यात मोजणीदारांची नजर कारकुनाच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. उंची एकशे पंचाहत्तर. त्यांनी सवयीने खिशातला टेप काढला आणि हां हां म्हणता कारकुनाला टाचेपासून डोक्यापर्यंत मोजलं.

"एकशे सत्तर. तीस वर्षं खुर्चीत बसलात ना? साहेब, नियमाने हे तुम्ही नव्हे. मग तुमच्या खुर्चीत कोण बसलंय?"

कारकून पांढराफटक पडला. मग तो मोजणीदारांना हाताला धरून बाहेर घेऊन आला, आणि दोघं रांगेशेजारी फरशीवर आडवे झाले. तिथे छताकडे बघत त्याला तोडगा सुचला. आडव्या माणसाला उंची नसते, लांबी असते. अर्जात लांबीचा रकाना नाही. रकाना नाही, म्हणजे तफावत नाही.

त्याने झोपल्या झोपल्या शिक्का मारला. मोजणीदार बाळाच्या आधी दोन दिवस पोचले. रुग्णालयातल्या नर्सने बाळाला आडवं ठेवून मोजलं आणि कागदावर लिहिलं: लांबी एक्कावन्न. "शहाणी माणसं आहेत इथली," मोजणीदार म्हणाले.

कार्यालयात मात्र आता परिपत्रक निघालं आहे: यापुढे सगळ्यांची उंची दरवर्षी उभ्यानेच तपासली जाईल. आपण हे वाचताना पाठीला पोक काढून बसला असाल, तर सरळ होण्याची घाई नको, आता उपयोग नाही. फक्त ओळखपत्र काढून त्यावरची उंची बघा आणि भिंतीला टाच लावून उभे राहा. आपण आपणच आहोत, हे आजवर आपण नुसतं गृहीत धरलं होतं.