परबकाकांचे नऊ रुपये

आमच्या दहिसरच्या सोसायटीत सगळीकडे एलईडी दिवे बसले, एक मीटररूम सोडून. तिथे अजून जुना, तारेचा पिवळा बल्ब आहे आणि तो आहे तिसऱ्या मजल्यावरच्या परबकाकांमुळे. कमिटीने तो दोनदा काढला, दोनदा काकांनी कुठून तरी तसाच दुसरा पैदा करून लावला. तिसऱ्या वेळी ते मीटिंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले की पांढऱ्या दिव्याखाली चांदी खोटं बोलते. कमिटी पुढच्या विषयाकडे वळली आणि बल्ब राहिला.

रोज संध्याकाळी काका मीटररूममध्ये शिरतात. डाव्या तळहातावर काळी मखमल, उजव्या हाताच्या दोन बोटांत कडेने धरलेला एखादा राणीछाप रुपया. तो ते बल्बखाली अगदी सावकाश कलता करतात, मग सरळ, मग परत कलता. नवीन वॉचमन आला तेव्हा त्याला वाटलं, म्हातारा मीटर मागे फिरवतोय. तो सेक्रेटरींना घेऊन आला. काकांनी दोघांना बल्बखाली उभं केलं आणि राणीच्या गालावरची झीज कशी ओळखायची ते समजावून सांगितलं. त्याला चाळीस मिनिटं लागली. आता काका जिन्यात दिसले की वॉचमन राउंडला जातो.

काका मूळचे मालवणकडचे. अंधेरीच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर मुलामा देण्याचं काम केलं. समया, बक्कलं, ट्रॉफ्या, नळाच्या तोट्या, सगळ्याला चकाकी आणायची. निवृत्त झाल्यावर त्यांना चकाकीचा इतका तिटकारा आला की ते स्वतःच्या बुटांनाही पॉलिश करत नाहीत. त्यांच्या पत्नी, मंगलकाकू, मी या बिल्डिंगमध्ये राहायला येण्याआधीच गेल्या. मुलगी नाशिकला असते. घरात काका, एक भिंग आणि लाकडी खणांत निजलेली नाणी, एवढंच.

नाण्याची परीक्षा करताना काका आधी ते हातभर लांब धरतात. झीज किती, ठसा उठून आलाय का, चांदीचं पाणी जिवंत आहे का, हे सगळं नंतर. आधी एकच प्रश्न, त्याला तोंड आहे की नाही. एकही ओरखडा नसलेला रुपया ते बाजूला सारतात, ‘ह्येका तोंडच नाय’ म्हणून. आणि एखादा झिजका, पोक्त रुपया मखमलीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसतात. तोंड म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले की शंभर माणसांच्या रांगेत तुम्ही एकाकडेच परत का बघता, ते सांगा, मग मी सांगतो.

हा नियम नाण्यांपुरता राहिला असता तर ठीक होतं. ते टोमॅटोही असेच निवडतात. भाजीवालीने एकदा वैतागून विचारलं की काका, लग्न जमवताय का. आमच्या शेजारच्या निकमांनी मुलाच्या साखरपुड्याचे फोटो कौतुकाने दाखवले, तर काका प्रत्येक फोटो हातभर लांब धरून बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘मुलगी छान. हॉलला तोंड नाही.’

माझी त्यांची ओळख झाली ती भांडणातून. मी शाळेत चित्रकला शिकवते. वडिलांच्या कपाटात एक जुना चांदीचा रुपया सापडला होता. काळा पडलेला, म्हणून मी तो टूथपेस्टने घासून लख्ख केला आणि मोठ्या हौसेने काकांकडे नेला. त्यांनी तो भिंगाखाली धरलासुद्धा नाही. वडील कधी गेले, असं विचारलं. मी म्हटलं, चार वर्षं झाली.

‘म्हणजे त्यांच्या पश्चात घासला,’ ते म्हणाले. ‘ते असते तर घासू दिला नसता.’

मला राग आला, आणि रडूही आलं, कारण ते खरं होतं. बाबा तो रुपया नुसता हातात धरून बसायचे. दुसऱ्या दिवशी काका स्वतः आमच्या दारात आले, हातात आंबोळ्यांचा डबा. माफीबिफी काही मागितली नाही. चांदीवर रंग कसा चढतो, हे मला शिकवायचं त्यांनी ठरवलं होतं, एवढंच. लाकडाच्या पेटीत, कागदात, हवेत नाणं वर्षानुवर्षं पडून राहिलं की कडेकडून रंग आत सरकतो. आधी मधासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, फार क्वचित निळा. त्याच्या पुढे काळा. कुणी घाईने, उष्णता देऊन तो चढवला, तर तो ओरखड्यांच्या आतही जाऊन बसतो, एखाद्याने जखमेवर पावडर थापावी तसा. मी रंगांत जगणारी बाई, पण इतक्या बारकाईने रंगाबद्दल बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तेव्हापासून ते मला ‘बाई’ म्हणू लागले आणि कुठलंही प्रदर्शन असलं की मला बरोबर नेऊ लागले. ठाणे, बोरीवली, पार्ले, एकही सोडायचे नाहीत. प्रत्येक टेबलापाशी वाकायचे, एक एक नाणं बघायचे आणि काही न घेता पुढे जायचे. विक्रेते त्यांना कंटाळले होते. मला वाटायचं, या माणसाला काही पसंतच पडत नाही.

मागच्या हिवाळ्यात मुलुंडच्या एका मंडळाने शाळेचा हॉल घेऊन प्रदर्शन भरवलं. सर्वांत देखण्या चांदीच्या नाण्याला बक्षीस होतं, शाल आणि निरांजन. परीक्षक परबकाका, आणि त्यांच्या आग्रहाने मी. नाण्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर. काका सकाळपासून खुशीत होते. एका बिल्डरने आपला रुपया काचेच्या चौकटीत, खालून दिवा सोडून मांडला होता. काकांनी वहीत शेरा लिहिला, ‘नाणे उत्तम, पण घाबरलेले.’ 

चौदा नंबरच्या रुपयापाशी ते थांबले. मीही थांबले, कारण तो निळा होता. नुसता निळा नाही. कडेला जांभळी झाक, आणि मध्ये राणीच्या मानेभोवती खंड्या पक्ष्याच्या पंखाचा निळा. हॉलमधल्या प्रत्येकाने तो एकदा तरी येऊन बघितला होता. मंडळाचे अध्यक्ष हळूच म्हणालेही की यंदा निकाल सोपा आहे.

काकांनी तो हातभर लांब धरला. मग भिंग लावलं. मग भिंग खिशात ठेवलं. मी वहीत मार्क लिहायला पेन काढलं, तर त्यांनी माझा हात धरून मला व्हरांड्यात नेलं.

‘बाई, तो माझा आहे,’ ते म्हणाले.

मला वाटलं, चोरीला गेलेला असेल. मी तसं विचारलं. त्यांनी मान हलवली.

‘माझ्या हातचा आहे. तो रंग मी केलाय.’

मग व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. कारखाना एका वर्षी सात महिने बंद होता. मुलगी शाळेत. एका नाण्यांच्या दलालाने त्यांच्याकडे घासून पांढरेफटक झालेले रुपये आणून दिले, यांना वयाचा रंग द्या म्हणून. काकांना रसायनं माहीत होती. घरच्या गॅसवर, जुन्या तव्यावर त्यांनी असे नऊ रुपये रंगवले. कारखाना सुरू झाल्यावर सोडून दिलं, पण ते नऊ रुपये लोकांच्या घरी गेले होते. नंतरच्या वर्षांत त्यांना पाच सापडले. प्रत्येक मालकाला खरं सांगून, बदल्यात आपलं अस्सल नाणं देऊन त्यांनी ते परत घेतले. हा सहावा. एवढी वर्षं टेबलाटेबलांवर वाकून ते काय शोधत होते, ते मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं की आपण नुसते मार्क कमी देऊ या, कारण कुणी विचारणार नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पेनाला टोपण लावलं.

चौदा नंबर सुनंदा गायकवाड यांचा होता. घाटकोपरच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. नाणी त्या जमवत नव्हत्याच. हा एकच रुपया, नवऱ्याने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घेतलेला. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि भाचीच्या आग्रहाखातर त्या इथे आल्या होत्या. काकांनी त्यांना कोपऱ्यात नेऊन, उभ्यानेच, काही न लपवता सांगितलं. मी बाजूला होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

‘म्हणजे ह्यांना फसवलं,’ त्या म्हणाल्या.

‘हो. मी फसवलं.’

काकांनी खिशातून डबी काढली. आत त्यांचा सर्वांत लाडका रुपया होता, मधाच्या रंगाचा. तो त्यांनी पुढे केला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आपला रुपया रुमालात बांधला, पर्समध्ये ठेवला आणि भाचीला हाक मारून निघून गेल्या. निरांजन दुसऱ्याच कुणाला मिळालं. परतताना रिक्षात काका डबी मुठीत धरून बसले होते.

तीन आठवड्यांनी बाईंनी मंडळाकडून माझा नंबर मिळवून फोन केला. त्या काकांना घेऊन या म्हणाल्या. आवाजावरून काही अंदाज येत नव्हता. काका इस्त्रीचा शर्ट घालून, डबी घेऊन आले. वाटेत दोनदा म्हणाले की बोलतील ते ऐकून घ्यायचं.

बाईंनी चहा केला. रुपया टीपॉयवर बशीत होता. त्या म्हणाल्या की दोन आठवडे त्यांनी तो कपाटातून काढलाच नाही. मग एक दिवस काढला, आणि तो पूर्वीइतकाच सुंदर दिसला, याचा त्यांना फार राग आला. बदली नाणं त्यांना नको होतं. ह्यांनी दुकानात उभं राहून जो निवडला तो हाच, त्या म्हणाल्या. त्यांना फक्त एक विचारायचं होतं. हा निळा जमला कसा?

काका तांत्रिक बोलू लागले. गंधक, आच, वेळ. रंग पिवळ्यावरून तांबूस, तांबूसवरून जांभळा असा भराभर पळतो, निळा जेमतेम काही क्षण टिकतो, तेवढ्यात उतरवलं नाही तर काळाठिक्कर. बोलता बोलता ते अडखळले.

‘उतरवायचं कधी, ते मला कळत नसे,’ ते म्हणाले. ‘मी दोन जाळले. मग मंगल कणीक मळता मळता माझ्या मागे येऊन उभी राहायची. ती म्हणायची, बास, आता काढा. मी काढायचो. नऊच्या नऊ तिनेच सांगितलेले. नजर तिची होती. मी नुसता चिमटा धरायचो.’

म्हणजे ते पाच रुपये त्यांनी घरी कशासाठी आणून ठेवले होते, याचा मी लावलेला अर्थ, केलेली चूक निस्तरायला, हा अर्धाच होता.

बाईंनी बशी त्यांच्यासमोर सरकवली. काकांनी मखमल काढली नाही, भिंग काढलं नाही. रुपया उघड्या तळहातावर घेतला, बोटं मिटली आणि तसेच बसून राहिले.

‘मंगलताईंना निळा आवडायचा का?’ बाईंनी विचारलं.

काकांनी मूठ उघडून रुपयाकडे पाहिलं.

‘विचारलंच नाही कधी,’ ते म्हणाले.

बाई उठल्या आणि त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.