खुशालरावांच्या सहा चौकटी

"सर, चार शनिवार द्या. पाचवीचा अख्खा वर्ग चित्रकथा काढायला लागतो की नाही बघा!"

असं मी छातीठोकपणे आमच्या मुख्याध्यापकांना, म्हणजे सूर्यभान सरांना सांगितलं. का नाही सांगणार? अमरावतीला दोन दिवसांचं शिबिर करून आले होते मी! दर्यापूरजवळच्या या खेड्यात चित्रकथा समजणारी एकटी मीच, असा माझा ठाम समज होता.

सर म्हणाले, "चौथ्या शनिवारी प्रदर्शन ठेवू, माया म्याडम. खुशालरावांले आवडलं तर चित्रकलेचा तास चालू. नाही आवडलं तर त्या तासाले गणित!"

खुशालराव म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. चाळीस एकर काळी जमीन आणि गावभर दरारा. त्यातून नुकताच त्यांचा पाय मोडलेला. रानडुकराशी झुंजताना! डुक्कर केवढं होतं, हे ते दोन्ही हात पसरून दाखवत. दर आठवड्याला हात थोडे जास्त पसरत.

पहिल्या शनिवारी मी शिकवलं, "माणूस बोलतो ना, तेव्हा त्याच्या तोंडाजवळ फुगा येतो. पुढच्या वेळी प्रत्येकानं चार फुगे तयार करून आणायचे!"

आणले. बत्तीस पोरं, एकशे अठ्ठावीस खरेखुरे फुगे! त्यातला एक ऑफिसच्या दारात असा फुटला, की सूर्यभान सरांचा चहा थेट हजेरीपटावर. बत्तीसच्या बत्तीस पोरांची हजेरी वाहून गेली.

दुसऱ्या शनिवारी मी शहाणी झाले. सरळ सांगितलं, "मनाचं काही रचायचं नाही. डोळ्यांनी पाहिलं तेच काढायचं!"

आणि काय सांगू तुम्हाला, पोरं सुटलीच! पौर्णिमानं बाजेवरचे पापड खाणारी बकरी काढली. शेवटच्या चौकटीत बकरी नाहीच, नुसती ढेकर! शिबिरातल्या मोठमोठ्या माणसांना हे जमलं नव्हतं हो.

फक्त आकांक्षा काही दाखवेना. शेवटच्या बाकावर बसणारी, वर्षभरात दहा वाक्यं बोललेली पोरगी. मी जवळ गेले, की कोपरानं कागद झाकायची. तिची आई पार्बताबाई खुशालरावांच्याच वावरात कामाला.

प्रदर्शनाच्या सकाळी तिनं कागद माझ्या हातात दिला. मी हारफुलांच्या गडबडीत. नजर पडली ती तिसऱ्या चौकटीवर. चौकटीत फक्त दोन डोळे, घाबरून ताटलीएवढे झालेले! मी खूश! म्हटलं, "लाव भिंतीवर, अगदी मधोमध!"

बाकीच्या पाच चौकटी मी पाहिल्याच नाहीत.

खुशालराव आले. काठी टेकत, प्लास्टर सांभाळत. मागे निम्मं गाव. पापड, बकरी, ढेकर बघून हसले. मी मनात गणिताला निरोप दिला. मग ते मधोमध आले आणि थांबले. मीही डोकावले.

पहिल्या चौकटीत झुपकेदार मिशांचा माणूस मोटारसायकलवर, कानाला मोबाईल. दुसरीत कपाशीच्या पऱ्हाटीतून वर आलेलं बुजगावणं, अंगात त्याच माणसाचा जुना पट्ट्यापट्ट्यांचा सदरा. तिसरीत ते डोळे. चौथीत गाडी एकटीच पुढे चाललेली, चपला हवेत. पाचवीत नाली आणि नालीतून वर आलेले दोन पाय. सहावीत तोच माणूस खाटेवर, पायाला प्लास्टर, दोन्ही हात पसरून सांगतोय, "एवढं मोठं डुक्कर!" आणि मागच्या खिडकीतून दूरवर तेच बुजगावणं. तसेच, अगदी तेवढेच हात पसरून उभं!

काय सांगू! माझ्या अंगावर काटा आला. निम्मा कौतुकानं, निम्मा भीतीनं.

"हे कोनं काढलं?"

दारात उभ्या पार्बताबाईनं पदर तोंडाशी धरला. आकांक्षानं हात वर केला.

मी मध्ये पडले. "भाऊ, कल्पना आहे हो लेकराची!"

"कल्पना नाही," आकांक्षा म्हणाली. "म्या सोता पायलं. म्याडमनं सांगतलं होतं, पायलं तेच काढा."

घ्या! माझं नाव घ्यायची काही गरज होती का?

खुशालराव कागदाला नाक लावून उभे. लाल झाले, मग काळे झाले. मग काठी उचलून पाचव्या चौकटीवर ठेवली.

"हे साफ चुकलं! नाली माह्या उजव्या हाताले होती. तू डाव्या हाताले काढली!"

"तुमच्या उजव्याच हाताले हाय," आकांक्षा शांतपणे म्हणाली. "तुमी माह्याकडं तोंड करून येऊन राह्यले होते. म्या समोरून पायलं."

खुशालरावांनी भिंतीकडे पाहिलं. मग काठीवर गर्रकन वळून भिंतीला पाठ केली, चित्रातल्यासारखे उभे राहिले, आणि स्वतःचा उजवा हात हलवून पाहिला.

"बरोबर हाय पोट्टीचं!"

बोलून गेले, आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते! मागचं निम्मं गाव भिंती धरून हसायला लागलं. दोन क्षण त्यांनी डोळे वटारले. मग त्यांच्याच पोटातून हसू फुटलं. इतकं, की सरांना खुर्ची आणावी लागली.

"पार्बताबाई, माहा सदरा त्या बुजगावन्याले तूच घातला न?"

"तुमीच देल्ला होता जी, घालाले," ती कशीबशी म्हणाली.

"मीच मले भेलो बाप्पा!" त्यांनी डोळे पुसले. "म्याडम, तास चालू ठेवा. अन् हा कागद मले पायजे. बैठकीत लावतो."

आता गावात आकांक्षाला मान आहे. कोण बैलावरून पडलं, कोण विहिरीत चप्पल सोडून आलं, जो तो तिला बोलावून सांगतो. आणि ती बोलते हो! उलटतपासणी घेते, "तवा तुमचं तोंड कोनीकडं होतं?" मी नुसती बघत राहते. हे मी शिकवलेलं नाही, शिबिरातही कुणी सांगितलं नव्हतं.

परवा मीच लाजत लाजत विचारलं, "माझी नाही का ग काढत चित्रकथा?"

तिनं मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं.

"काढून पायली म्याडम. साही चौकटीत तुमी नुसत्या बोलूनच राह्यल्या."