शून्य तपासताना

वजनकाटे दुरुस्त करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी बायकोला घरीच इंजेक्शन द्यायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, एवढंच ना!

खरं तर त्या सुईवर आमचं सगळं अडलं होतं. मेंदूतली ग्रंथी बीजकोशाला निरोप धाडते, बीज सोड. मग तो सोडतो. आमच्याकडे हा निरोपच नीट पोचत नव्हता. कित्येक वर्षं वाट पाहून आता तो सुईतून पाठवायचा होता.

बायको सुई बघून कपाटाला चिकटली. "अगं, मुंगी चावल्यासारखं वाटतं. हे बघ," म्हणत मी सुई माझ्याच मांडीला नुसती टेकवली. अंगठ्याने दगा दिला, दट्ट्या दाबला गेला. निरोप पोचला, पण भलत्याच पत्त्यावर!

बायको आधी पांढरी पडली, मग रडायला लागली. तिला तशीच स्कूटरवर बसवून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी दुसरं इंजेक्शन स्वतः दिलं, मला दाराबाहेर उभं केलं आणि दिवस राहिल्याच्या चाचणीची घाई करू नका म्हणून बजावलं.

घाई मी केलीच नाही. त्याच आठवड्यात पट्ट्या तेवढ्या आणून ठेवल्या. पण काटा आधी रिकामा ठेवून शून्य बघायचं, हा आमच्या धंद्याचा नियम. आणि दिवस जाणं शक्यच नाही असा माणूस घरात मी होतोच.

दोन रेघा आल्या. ठसठशीत.

पट्टी बेसिनवर ठेवून मी दुसरी आणायला वळलो, तेवढ्यात आई आत शिरली. बायको कामावरून आली तेव्हा मावशी, दोन्ही आत्या आणि खालचा शिंपी यांना बातमी कळली होती. आईने तिला आडवं करून पायाखाली उशीही दिली.

"पण पट्टी कोणाची?" बायकोने विचारलं.

मी हात वर केला.

डॉक्टरीणबाई फोनवर बराच वेळ खोकत राहिल्या. मग म्हणाल्या, तुम्ही टोचून घेतलंत ते हार्मोन आणि पट्टी शोधते ते, एकच. उतरेल हळूहळू. बायकोने माझ्या पोटावर हात ठेवला आणि जिना जपून उतरायला सांगितलं. या विषयावर ती हसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

ठरल्या दिवशी तिच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. आम्ही दोघं बराच वेळ न्हाणीघरातच बसून होतो. मग आईला नेऊन दाखवली. आईने चष्मा लावला, पट्टी उलटसुलट पाहिली.

"ही तुझी की तिची?"