गौराक्काची मंडळी

आमच्या लॅबमध्ये लोक सुईला घाबरतात. गौराक्का मात्र माझ्या हातातला स्पिरिटचा बोळा आधी काढून घेते, डोळे मिटून हुंगते आणि म्हणते, "येतोय. टोच आता."

सोलापुरात शेंगाची चटणी कुठंही मिळते, पण आमच्या पेठेत ती अक्काचीच लागते. मधल्या काळात नाकातलं मांस वाढून तिचा वास साफ गेला होता. तेव्हा नवरा, म्हणजे अप्पा, कढईजवळ उभे राहून दाणे भाजल्याचा वास आला की "उतरव" म्हणायचे. पुढं अप्पांना पक्षाघात झाला, वाचा गेली. मग अक्कानं नाकाचं ऑपरेशन करून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, मांस परत वाढू शकतं. रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढल्या तर धोका जास्त, खात्री मात्र नाही. सहा महिन्यांनी तपासा. अक्कानं त्यातलं 'खात्री नाही' आणि 'सहा महिने' तेवढं सोडून दिलं. ती दर महिन्याला हजर. पेशींचं नाव तोंडात बसेना, म्हणून ती त्यांना 'मंडळी' म्हणते. "इरफान, मंडळी किती आलीत रे?" असं भर लॅबमध्ये विचारते आणि बाकीचे पेशंट माझ्याकडं लग्नातल्या आचाऱ्याकडं बघावं तसं बघतात.

मशीनवर तिचा काडीचा विश्वास नाही. "त्याला काय कळतंय? तू डोळ्यानं मोज की." मग मी स्लाइड रंगवायची, मायक्रोस्कोपमध्ये शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि त्यात तांबूस दाण्यांच्या किती ते सांगायचं. ही शेजारी स्टूल ओढून बसणार. एकदा चार म्हणालो तर म्हणते, "त्यातली एक तू दोनदा मोजलीस. मी पोतंभर शेंगदाण्यातनं एक खवट दाणा काढते, तुला शंभर मोजंनात?" असा वैताग येतो, सांगता सोय नाही.

गेल्या महिन्यात मात्र नऊ निघाल्या. मी चाचरतच सांगितलं.

"येऊ देत," अक्का म्हणाली. "नाक धुते, फवारा मारते, परत कापा म्हणले तर परत टेबलावर झोपते. पर वास जाऊ द्यायची न्हाय."

"अक्का, एवढी वर्षं चटणी करताय. वासाशिवाय अंदाजानं जमेल की."

तिनं पिशवी उचलली आणि गेली.

या महिन्यात अप्पांना ताप होता, म्हणून अक्काचं रक्त घ्यायला मीच घरी गेलो. अक्का शेंगदाणे भाजत होती आणि समोर खाटेवर अप्पा कढईकडं टक लावून पडले होते. खमंग वास सुटला. अक्कानं गॅस अगदी बारीक केला, पण कढई काही उतरवेना.

"अक्का, झाले की," मी म्हणालो.

तिनं माझ्यावर डोळे वटारले. ती नुसती दाणे हलवत राहिली. बऱ्याच वेळानं अप्पांच्या उजव्या हाताचं बोट चादरीवरून जरासं उठलं.

"व्हय व्हय, उतरवते," अक्का मोठ्यानं म्हणाली. "माझं मेलं नाक कुटं कामाचं हाय? तुमी हाय म्हणून चाललंय."

मग मला बाहेरच्या खोलीत घेऊन आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ऑपरेशन वाया गेलं म्हणून सांगितलंय त्यांना. अलीकडं बोट लई उशिरा उठतंय. मला आधी वास आला तर गॅस बारीक करता येतो. एकदा का दाणे जळले, की ते बोट परत उचलायचे न्हाईत."

तिनं हात पुढं केला आणि मी खाली मान घालून शीर शोधायला लागलो.