पीची यांच्या हलक्या गाडीस सरळ केल्याची हकिगत

फेन प्रांतीचे वडीलधारे लोक म्हणू लागले की, लढाया बहुत जाहल्या, राजे बहुत मेले, त्यांची दफ्तरे भरली. परंतु डेस्मंडराव पीची यांनी आपल्या हलक्या गाडीशी सहा दिवस जे युद्ध केले त्याचा कागद कोठे नाही, हे ठीक नव्हे. सबब जे डोळां पाहिले, जे कुंपणावरून ऐकिले आणि जे कोणीच सांगितले नाही, ऐसे तिन्ही मिळोन हे वर्तमान लिहिले असे. यात पदरचे काही पडले असेल तर ते प्रसंगास शोभेल इतकेच.

फेन मुलुख, विलायतेच्या पूर्वेस, म्हणजे सपाटीची हद्द. उंचवटा म्हणावा तर बीटाच्या मुळांचा ढीग, आणि रस्ते ऐसे सरळ की उद्या येणारा पाहुणा आजपासून दिसो लागतो. रस्त्याच्या दोही अंगांस पाण्याचे खंदक, पुरुषभर खोल, आणि कठडा नाही; त्यात आजवर किती गाड्या, किती सायकली आणि वाजंत्र्यांचा एक मोठा ढोल गेला याची मोजदाद नाही. त्या मुलुखी राजमान्य राजेश्री डेस्मंडराव पीची पूर्वी मुलांस भूगोल शिकवीत होते, मग पेन्शन घेऊन घरी बसले, आणि बसल्या बसल्या अकरा वर्षे खपून त्यांनी गॅरेजात स्वहस्ते एक स्पोर्ट्स कार उभी केली. गाडी हिरवी, दोन माणसांची, वर छत नाही, बगलेस दार नाही, आणि वजनाने ऐसी हलकी की शेजारचा बैल शिंकला तर जागची हलावी. तिची खोड एकच. ब्रेक दाबला की डावीकडे ओढ घेत असे, आणि डावीकडे खंदक होता.

मे मासी दुसऱ्या रविवारी डेस्मंडराव आणि त्यांचे कुटुंब, सौभाग्यवती बेरिलबाईसाहेब, चर्चच्या गायनमंडळाच्या सरदार, ऐसी उभयतां बाईंच्या बहिणीकडे जेवावयास निघाली. वाटेत एक फेझंट पक्षी कोणाची तमा न धरिता रस्ता ओलांडू लागला, तेव्हां रावांनी ब्रेक दाबिला, आणि गाडीने डावी बगल धरिली, आणि पुढले चाक खंदकावर अधांतरी फिरू लागले, आणि बाईंची नवी हॅट पाण्यात जाऊन समुद्राच्या वाटेस लागली. बाईसाहेब उतरल्या आणि दीड मैल पायी घरी आल्या. घरी येऊन फर्मान सुटले, ते ऐसे:

"शनिवारी दुपारी चार वाजता लाँग ड्रोव्हच्या सरळ रस्त्यावर आम्ही खासा डावे आसनी बसू. हाती काठोकाठ चहाचा कप असेल. चाळीस मैलांचा वेग धरून, सुकाणू सोडून, ब्रेक दाबावा. चहा पुढे सांडला तर माफ. डावीकडे एक थेंब सांडला तर सोमवारी पीटरबरोचे गृहस्थ, जे दोन वेळा गाडी मागून गेले, ते घेऊन जातील. याउपरी उजूर चालणार नाही."

हे ऐकोन राव जेवावयास बसले. अकरा वर्षे जिच्या एकेका नटास नावाने ओळखिले ती परक्याच्या दारी जाणार, या विचारे घास घशाखाली उतरेना. तरी दुसऱ्यांदा वाढून घेतले.

सोमवारी गॅरेजात मसलत बसली. मसलतीस नॉर्मन सेटचेल आले. हे पूर्वी खंदकांचे पाणी उपसणाऱ्या पंपघराचे हवालदार, ईल मासे धरण्यात वाकबगार, आणि रावांचे जिवाचे सोबती. त्यांनी गाडीस तीन प्रदक्षिणा घातल्या, चौथी अर्ध्यात सोडिली आणि बोलिले:

"तुझी गाडी रस्त्याकडे बघतच नाही, गड्या. ती खंदकाकडे बघते."

"तू तिला दोष देऊ नकोस. दोष असेल तर माझ्या हाताचा आहे."

"ते मी सांगणारच होतो."

मंगळवारी प्रातःकाळी मोहीम सुरू जाहली. नॉर्मन यांनी मासे धरण्याची दोरी आणिली आणि गाडीच्या दोही अंगांस, सारख्या अंतरावर, चार तिवयांस बांधून ताठ ताणिली. मग पोलादी पट्टी घेऊन प्रत्येक चाकाच्या रिमची पुढली कड दोरीपासून किती आणि मागली किती, ऐसे मोजू लागले. डावे पुढले चाक दोन मिलिमीटर बाहेर पाहात होते. त्याचा नट सैल केला, दांडा पाव वळसा फिरविला, नट आवळिला आणि फिरोन मोजणार, इतक्यात शेजारच्या क्रॅबबाई रुबार्ब भाजीची जुडी घेऊन आत आल्या आणि दोरीत पाय अडकोन एक तिवई, मग दुसरी, मग रुबार्ब, मग खुद्द क्रॅबबाई, ऐसी सर्व फौज जमीनदोस्त जाहली.

"मिस्टर पीची, तुम्ही गॅरेजात मासे धरता?" क्रॅबबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"नाही हो, चाकं सरळ करतोय."

"मग माणसांना कशाला आडवं करता?"

सबब सर्व मापे पहिल्यापासून घ्यावी लागली, आणि दिवस त्यात गेला.

बुधवारी नॉर्मन यांनी दुसरी मसलत दिली. चारपायी टेबलाचा एक पाय आखूड असला तर टेबल दोन कोनांवर डुगडुगते, तैसेच गाडीचे. चाकांवर तिरका भार, म्हणजे समोरासमोरच्या कोनांचा, सारखा नसला तर ब्रेक दाबिताच ती एके बगलेस पळते. चारी चाकांच्या स्प्रिंगांखाली एक एक चकती असते, ती फिरविली की तो कोपरा उचलतो आणि भार बदलतो. परंतु कोणत्या चाकावर किती भार हे कळावे कैसे? सबब चार आंघोळघरांतले चार वजनकाटे गोळा करावे आणि एकेका चाकाखाली एक ठेवावा, ऐसे ठरले. एक काटा पीची यांच्या घरचा, एक नॉर्मन यांचा. तिसरा क्रॅबबाईंनी दिला, दोन वेळा विचारून की त्यावर दुसरे कोणी उभे राहणार नाही ना. चौथा चर्चच्या पाद्रीणबाईंचा, तो त्यांनी टॉवेलात गुंडाळून, कोणी पाहात नाही ऐसे पाहून, मागील दाराने दिला. या मुलुखी माणसाचे वजन धोंड्यांत मोजितात. चौदा रत्तलांचा एक धोंडा. काट्याच्या बगलेस एक दातेरी चाक असते, ते फिरवून सुई शून्यावर आणावयाची.

गुरुवारी गाडी काट्यांवर चढविली, राव आपले आसनी बसले, आणि नॉर्मन खाली शिरोन चकत्या फिरवू लागले. सायंकाळी चारी सुया ऐशा जुळल्या की दोघांनी एकमेकांचे हात हातात घेतले. शुक्रवारी सकाळी राव एकटे लाँग ड्रोव्हवर गेले, चाळीसाचा वेग धरिला, सुकाणू सोडिले, ब्रेक दाबिला. गाडी पूर्वी डावीकडे जात असे ती आता डावीकडे झेपावली, आणि खंदकाच्या कडेस हातभर अंतर राखून थांबली. काठावरचा बगळा उडोन पलीकडे गेला. राव घरी आले आणि नॉर्मन यांस सर्व हकिगत सांगितली. बुधवारभर शिकस्त, गुरुवारभर शिकस्त, आणि आता एक दिवस उरला.

नॉर्मन यांनी गाडी जॅकवर उचलिली, आणि रिकाम्या काट्यांकडे पाहोन त्यांची मान वाकडी जाहली. रिकाम्या काट्याची सुई शून्यावर असावी, ती तीन काट्यांवर शून्याच्या खाली होती.

"हा पाद्रीणबाईंचा," नॉर्मन म्हणाले. "अर्धा धोंडा खाली. देवाला खरं सांगतात, काट्याला नाही. हा क्रॅबबाईंचा, अकरा रत्तल. माझा बरोबर आहे, मी त्यावर मासे तोलतो. आणि हा... पुरता एक धोंडा. हा कोणाचा रे?"

राव नट फिरविण्याचे पाने पुसू लागले.

"डेस्मंड. हा तुझा आहे."

"डॉक्टरांनी बेरिलला सांगितलंय, दर रविवारी माझं वजन लिहायचं. बाजारातले सॉसेज रोल मला सुटत नाहीत. म्हणून मी ते चाक जरा फिरवलं. पण अर्धाच धोंडा, नॉर्मन. शपथेवर सांगतो, अर्धाच."

"मग उरलेला अर्धा?"

"थंडीने सरकला असेल."

"हो," नॉर्मन म्हणाले. "थंडीच ती."

शनिवारी पहाटेस चारी सुया शून्यावर आणिल्या, राव खऱ्या वजनानिशी आसनी बसले, आणि चकत्या नव्याने फिरू लागल्या. दोन प्रहरी तिरके भार जुळले. तेव्हां नॉर्मन गाडीखालून अर्धे बाहेर आले आणि त्यांचा चेहरा पिठासारखा जाहला.

"गड्या, बेरिल शेजारी बसणार ना?"

"बसणारच. तिचंच फर्मान."

"मग हे सगळं फुकट. तिचं वजन धरलंच नाही. थांब, शेजारच्या आसनावर बटाट्यांची पोती ठेवू. किती ठेवू?"

एकेचाळीस वर्षांच्या संसारात रावांनी तिबेटचे पठार किती उंच हे मुलांस सांगितले होते, परंतु हा आकडा विचारण्याची छाती त्यांस जाहली नव्हती. एक पोते कमी सांगावे तर गाडी जाते, एक जास्त सांगावे तर संसार. ऐसा पेच पडिला असता बेरिलबाईसाहेब दाराशी उभ्या राहिल्या.

"कसली पोती?"

नॉर्मन पुन्हा गाडीखाली गेले. रावांनी मनाचा हिय्या केला.

"बेरिल, आपला काटा खोटा आहे. मीच फिरवलाय. गेल्या सप्टेंबरपासून. अर्धा धोंडा."

"मला माहीत आहे."

"कसं?"

"काट्याला चाक असतं, डेस्मंड. पँटच्या पट्ट्याला नसतं."

"पण काटा तर पुरता एक धोंडा खोटा निघाला," गाडीखालून आवाज आला. आवाजात कपट नव्हते. बोलून गेल्यावर मात्र आवाजास आपण बोललो याचा पश्चात्ताप जाहला.

बाईसाहेबांनी छत पाहिले, भिंतीवरचे पाने पाहिले, मग रावांकडे पाहिले.

"डॉक्टरांनी मलाही वजन कमी करायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तुला सांगितलं नाही, इतकंच."

राव हसले नाहीत. त्यांनी आपल्या कोटाच्या बाहीने डावे आसन पुसोन दिले. बाईसाहेब आत येऊन बसल्या, आणि चारी काट्यांच्या सुया थरथरोन स्थिर जाहल्या. मग दुसरे फर्मान सुटले.

"नॉर्मन, गाडीचं वजन तुला ठाऊक आहे. डेस्मंडचंही ठाऊक आहे. आता चार आकडे तुझ्यासमोर आहेत. ते वाच, चकत्या फिरव. वजाबाकी करायची नाही."

"बेरिल, वजाबाकी जमली असती तर मी पंपावर कशाला गेलो असतो?"

मग नॉर्मन यांनी मागली डावी चकती दीड वळसा उचलिली, पुढली डावी अर्धा वळसा उतरविली, आणि तिरके भार रत्तलास रत्तल जुळले. परंतु स्प्रिंग हालली की चाकाची नजरही फिरते. सबब दोरी पुन्हा ताणावी लागली, आणि घड्याळात तीन वाजून वीस मिनिटे. तिवया मांडण्यास वेळ नाही ऐसे पाहोन बाईसाहेब खाली उतरल्या, त्यांनी दोरीचे एक टोक खासा हाती धरिले आणि दुसरे राव यांनी. दोघांच्या मधोमध नॉर्मन पट्टी घेऊन गुडघ्यावर बसले.

"ताठ धर, डेस्मंड. तुझ्याकडे सैल आहे."

"धरलीय ग."

"एकेचाळीस वर्षं हेच ऐकतेय."

डावे चाक एक मिलिमीटर आत घेतिले, नट आवळिले, आणि पावणेचारास गाडी बाहेर पडली.

लाँग ड्रोव्हवर वारा पश्चिमेचा, आभाळ मोकळे. नॉर्मन सायकलीवर मागे, क्रॅबबाई आणि पाद्रीणबाई कोबीच्या शेताच्या बांधावर उभ्या, दोघी आपले काटे न्यावयास आल्या ऐसे सांगत होत्या. बाईसाहेबांनी फ्लास्कातला चहा कपात काठोकाठ ओतिला. रावांनी वेग धरिला. पंचवीस, तीस, पस्तीस. चाळीस होताच त्यांनी सुकाणू सोडिले, डोळे मिटिले, हे शास्त्रास धरोन नव्हते, आणि ब्रेक दाबिला.

गाडी जैसा ओळंबा खाली यावा तैसी थांबली. चहा पुढे आला, बाईंच्या हातावर आला, गुडघ्यावर आला, नव्या पातळ स्कर्टचा सर्व पुढला प्रांत काबीज करून गेला. डावीकडे एक थेंब गेला नाही.

"डोळे उघड," बाईसाहेब म्हणाल्या. "आणि रुमाल दे."

ऐसी फत्ते जाहली. पीटरबरोच्या गृहस्थांस नकाराचा खलिता गेला. पाद्रीणबाईंचा काटा अर्धा धोंडा आणि क्रॅबबाईंचा अकरा रत्तल, ज्याचे असत्य त्यास जैसेच्या तैसे लावून परत केले. नॉर्मन यांनी या कामी मोठी ईमानदारी दाखविली. पीची यांच्या घरी त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर तह ठरला, त्याची कलमे ऐसी की: गाडी उभयतांच्या हल्लीच्या वजनास जुळविली असे, तेव्हां कोणी वजन वाढविल्यास अथवा, विशेषेकरून, कमी केल्यास ती गाडीशी फितुरी समजावी, आणि डॉक्टरांनी याबाबत काही विचारल्यास त्यांस चाकांचे अलाइनमेंट प्रथमपासून समजावून सांगावे, म्हणजे ते पुन्हा विचारणार नाहीत.

पुढल्या आठवड्यात राव एकदा एकटेच गाडी घेऊन निघाले. कोपऱ्यावर ब्रेक दाबिला, तेव्हां गाडीने डावीकडे, रिकाम्या आसनाच्या अंगास, बोटभर ओढ घेतली. नॉर्मन यांस दाखविले. त्यांनी गुडघ्यावर बसोन पाहिले, चकत्यांस हात लाविला नाही, आणि ही खोड नव्हे, मोजमाप बरोबर असल्याची निशाणी आहे, ऐसा निवाडा दिला. सबब ती दुरुस्त करू नये, हा हुकूम. हे वर्तमान खरे म्हणोन लिहून ठेविले असे.