पेन्सिलीने घेतलेलं माप

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ती बाई समोरच्या फुटपाथवर घडीचं स्टूल मांडून बसली. तिने वही उघडली, एक डोळा मिटला आणि हात लांब करून पेन्सिल उभी धरली. तिसऱ्या मजल्यावर पडद्याआड उभ्या असलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मान मागे घेतली.

"बघ, आजही मापं घेतेय," ते बायकोला म्हणाले.

"पेन्सिलीने?"

"मग काय टेप घेऊन उघड उघड येईल? महापालिकेची माणसं आहेत ती, आपल्यासारखी भोळी नाहीत."

आता सेक्रेटरींना संशय येणं यात नवीन काही नव्हतं. लिफ्टमध्ये कुणी हसून बोललं तरी घरी आल्यावर ते तासभर त्याचं कारण शोधत. पण या वेळी कारण घरातच होतं. चार वर्षांपूर्वी, निवृत्त झाल्या झाल्या, त्यांनी परवानगीबिरवानगीच्या भानगडीत न पडता गॅलरी बंद करून घेतली होती. सुताराने जुन्या बाजारातून खिडक्या आणल्या. एक शाळेची हिरवी, दोन दवाखान्याच्या दुधी काचेच्या आणि एक कुठल्याशा तिकीटघराची. तिच्या काचेवर 'रांग मोडू नये' असं लिहिलेलं होतं आणि ती उलटी बसल्यामुळे ते वाचायला मान वाकडी करावी लागे. आत एक आरामखुर्ची आणि रेडिओ. दोन खोल्यांच्या त्या घरात बापड्याला स्वतःचा म्हणावा असा तेवढाच कोपरा होता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण याच सेक्रेटरींनी याच चार वर्षांत दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना खिडकीवरचं वीतभर पत्र्याचं छप्पर उतरवायला लावलं होतं. नियम म्हणजे नियम, असं भर मीटिंगमध्ये सांगून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही.

त्यांनी पेपर काखेत मारून खाली एक चक्कर टाकली. ते जवळ येताच बाईने वही मिटली आणि ती हसली. त्यांचा संशय पक्का झाला. मग त्यांनी बायकोला पाठवलं. ती अर्ध्या तासाने, गप्पा मारून, खुशीत परत आली.

"चांगली आहे हो. म्हणाली, तुमच्या गॅलरीवर ऊन फार छान पडतं."

"म्हणजे ऊन किती वाजता कुठे येतं तेही टिपून ठेवलंय," सेक्रेटरी खुर्चीत बसले.

संध्याकाळी लेक कॉलेजातून आली. ती डिझाइन शिकत होती, म्हणजे नेमकं काय ते सेक्रेटरींना अजून कळलं नव्हतं. तिने खिडकीतून पाहिलं आणि ती जवळजवळ किंचाळलीच.

"बाबा, या इथे? अहो, केवढ्या मोठ्या इलस्ट्रेटर आहेत त्या. मी दोन वर्षं फॉलो करतेय त्यांना."

"तू हिच्या मागे आणि ही आपल्या मागे. छान. मोठी माणसं फुटपाथवर बसत नाहीत."

लेकीने फोनवर त्या बाईची चित्रं दाखवली. एका चाळीचा जिना, दोरीवरचे शर्ट, एका न्हाव्याचं दुकान. तिला वाटलं, आता तरी वडील विरघळतील. सेक्रेटरींनी चष्मा लावून एकेक चित्र बारकाईने पाहिलं आणि त्यांना घाम फुटला.

"हा जिना आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटेत आलाय. हे दुकान दोन फूट फुटपाथवर आहे. अगं, हिने अख्ख्या शहराची फाईल तयार केलीय."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाई उठून गेली आणि साडेअकराला सुतार हजर झाला. संध्याकाळपर्यंत गॅलरी उघडीबोडकी झाली. सुतार खिडक्यांवर खडूने नंबर घालत होता.

"नंबर कशाला?"

"परत बसवायच्या झाल्या तर गोंधळ नको, साहेब."

"परत बसवायच्या नाहीत. कोणी विचारलं तर इथे कधी काही नव्हतंच."

"बरं," असं म्हणून सुताराने नंबर घातलेच. मग सेक्रेटरींनी आरामखुर्ची आत आणली, तर ती कपाट आणि पलंगाच्या मध्ये अडकली. त्या रात्री ते जेवले नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

सकाळी सव्वानऊला दारावरची बेल वाजली. दारात ती बाई, वही छातीशी धरून.

"काका, तुमची गॅलरी कुठे गेली?"

"कसली गॅलरी? इथे कधी काही नव्हतं."

"अहो, काल सकाळपर्यंत होती. तेरा दिवस काढतेय मी ती." तिने वही उघडून समोर धरली.

सेक्रेटरींनी पाहिलं. हिरवी खिडकी, दुधी काचा, रेडिओची तार, उलटं 'रांग मोडू नये', सगळं होतं. प्रत्येक पानावर पडद्याआडून बघणारा एक डोळाही होता. लोकांनी आपल्या हातांनी वाढवलेल्या घरांचं प्रदर्शन ती भरवणार होती आणि त्यात ही गॅलरी सगळ्यात मोठी लागणार होती.

"तुम्ही चित्रकारच कशावरून?" सेक्रेटरींचा संशय अजून तग धरून होता. "माझं चित्र काढा बघू."

तिने दोन मिनिटांत काढलं.

"नाक जरा मोठं झालंय."

"आहे तेवढंच आहे," बायको म्हणाली.

मग मात्र सेक्रेटरींना भरून आलं. आपल्या खिडकीकडे, आपल्या नाकाकडे, कुणी तेरा दिवस इतकं मन लावून पाहिलं होतं. बायकोनेही लग्नाआधी दहाच मिनिटं पाहिलं होतं. त्यांनी फोन उचलला आणि सुताराला बोलावलं. एक, दोन, तीन, चार असे नंबर बघून त्याने दुपारपर्यंत सगळं होतं तसं बसवून दिलं, तिकीटघराची खिडकी उलटीसुद्धा.

पुढचे आठ दिवस सेक्रेटरी इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसले. पडदा काढून टाकला. वरून सूचनाही देऊ लागले.

"खाली नीट लिहा हं. इमारतीचं नाव, तिसरा मजला, उजवीकडची गॅलरी, सेक्रेटरी. नाहीतर उद्या तो दुसऱ्या मजल्यावरचा मास्तर म्हणेल, आमचीच आहे."

"चित्राखाली पत्ता कोणी लिहीत नाही, काका."

"तुम्ही लिहा. माझा आग्रह आहे."

प्रदर्शन झालं. सेक्रेटरी तीनदा जाऊन आले, एकदा मास्तरांना घेऊन. महिन्याभराने लेक धावत घरी आली.

"बाबा, तुमचं चित्र विकलं गेलं. भिंतभर मोठं करून लावलंय."

"कोणी घेतलं?"

"महापालिकेने. बांधकाम परवाना विभागाच्या बाहेर लागलंय. तिथे लोक तासन्‌तास रांगेत उभे असतात ना, त्यांना बघायला काहीतरी हवं म्हणून."

सेक्रेटरींनी नुसता खुर्चीचा हात घट्ट धरला.

नवव्या दिवशी पाकीट आलं. विनापरवाना गॅलरी पंधरा दिवसांत काढून टाकावी, असं पत्रात होतं. पत्ता कुठून मिळाला हेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'सोबतच्या चित्राखालील मजकुरावरून.' पुरावा म्हणून चित्राची रंगीत प्रत जोडली होती. तिच्यात तिसऱ्या मजल्यावर इस्त्रीच्या शर्टातले सेक्रेटरी हसत बसलेले होते आणि त्यांच्याभोवती लाल वर्तुळ होतं.

"छपाई किती सुरेख आलीय," लेक म्हणाली.

दुपारी सुतार आला. सेक्रेटरी खुर्चीतून उठले आणि त्याला जागा करून दिली. सुताराने हिरवी खिडकी थोडी ओढून कडेला पाहिलं. खडूने लिहिलेला 'एक' तिथे तसाच होता.

"पुसले नव्हते, साहेब," तो स्क्रू काढत म्हणाला. "मला तेव्हाच संशय आला होता."